सरकती वेस

मुंबईच्या नकाशात पाच टाचण्या टोचा. गोराई, चिंचोली बंदर, देवनार, मुलुंड आणि कांजूरमार्ग. पाचही टाचण्या खाडीच्या कडेला बसतील आणि पाचही उपनगरांत. फोर्ट, गिरगाव, मलबार हिलच्या वाट्याला एकही येणार नाही. शहर वाढले त्या दिशेला आधी त्याचा कचरा गेला, माणसे मागून आली. आल्यावर त्यांनी नाकाला रुमाल लावून विचारले, हे इथे कोणी आणून टाकले?

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या घनकचरा व्यवस्थापन खात्याने. आणि त्यात खात्याने कर्तव्य चुकवले असे नाही. उलट कर्तव्य चोख बजावले म्हणूनच हे डोंगर उभे राहिले. हे खाते नीट चालत नाही, अशी तक्रार अंधेरीपासून मुलुंडपर्यंत रोज होते. तीत तथ्य असेलही. पण खाते अगदी नीट चालले तरी काय होईल, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

कायद्याच्या पोटात

खात्याची जन्मपत्रिका १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात आहे. या कायद्याने महापालिकेच्या कामांचे दोन भाग केले. कलम ६१ मध्ये करावीच लागणारी कामे आहेत, तर कलम ६३ मध्ये पैसा आणि इच्छा असेल तर करायची. मैला, राख, केरकचरा उचलणे आणि त्याची विल्हेवाट लावणे हे पहिल्या यादीत आहे. पुढे ३६५ ते ३६८ या कलमांत तपशील येतो: रस्ते रोज झाडावेत, कचरा टाकायच्या जागा आणि पेट्या महापालिकेने ठरवून द्याव्यात, घरमालकाने वा भाडेकरूने आपला कचरा तिथे नेऊन टाकावा. आणि एक वाक्य असे, की गोळा झालेला कचरा ही महापालिकेची मालमत्ता आहे.

आपण टाकून दिलेले केळ्याचे साल कचरापेटीत पडले, की ते कायद्याने महापालिकेच्या मालकीचे होते. त्याचा खर्च, त्याचा वास, त्यातून झिरपणारे काळे पाणी, सगळे तिचे. टाकणाऱ्याची जबाबदारी पेटीच्या काठाशी संपते. सव्वाशे वर्षे मुंबईकर या समजुतीवर जगला आणि खाते या समजुतीवर उभे राहिले.

या समजुतीला बळ दिले ते प्लेगने. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग निघाला आणि घाण म्हणजे मृत्यू हे समीकरण शहराच्या मनात पक्के झाले. घाण दूर न्यायला हवी, आणि लवकर न्यायला हवी. कुर्ला-चेंबूर रेल्वेमार्ग १९०६ मध्ये टाकला गेला तो कचऱ्याच्या गाड्यांसाठी. माणसांना त्या रुळांवरून प्रवास करायला १९२४ उजाडावे लागले. आजच्या हार्बर मार्गाच्या त्या तुकड्यावर पहिला हक्क कचऱ्याचा होता. १९२७ पासून देवनारला डम्पिंग सुरू झाले, तेव्हा ते शहराबाहेर होते. नेमके त्यासाठीच ते निवडले होते.

मग शहराची वेस सरकू लागली. १९५० मध्ये महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत गेली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. तोवर घाटकोपरसारख्या गावांना स्वतःच्या नगरपालिका होत्या. नव्या हद्दीबरोबर उपनगरांना पाणी, रस्ते, बस मिळाली आणि साठच्या दशकाच्या अखेरीस मुलुंडला, १९७२ मध्ये बोरिवलीच्या गोराईला डम्पिंगही मिळाले. जुन्या वेशीवरचे देवनार पुरेना, म्हणून नव्या वेशीवर दोन ठिकाणे उघडली, इतका हा सरळ हिशेब होता.

चौकी

उपनगरात या खात्याचा चेहरा वॉर्ड ऑफिसात दिसत नाही, तो चौकीत दिसतो. चौकी म्हणजे बहुधा रस्त्याकडेची एक-दोन खोल्यांची वास्तू. दाराशी झाडूंचा भारा आणि हातगाड्या, भिंतीवर हजेरीचे यंत्र, आत लोखंडी कपाटे, दोरीवर वाळणारी खाकी किंवा केशरी जाकिटे. सकाळी साडेसहाच्या सुमाराला हजेरी लागते आणि मुकादम बीट वाटून देतो: कोण मार्केटच्या रस्त्यावर, कोण स्टेशनबाहेर, कोण हाऊसगल्लीत. हाऊसगल्ली म्हणजे दोन इमारतींच्या पाठींमधली चिंचोळी फट. वरच्या मजल्यांवरून खिडकीतून भिरकावलेले सगळे तिथे साचते. अंगावर काय पडेल याचा भरवसा नसतो. म्हणून बीट वाटताना हाऊसगल्ली कोणालाच नको असते.

चौकीच्या वर खात्याची शिडी आहे. मुकादमाच्या वर कनिष्ठ अवेक्षक, मग पर्यवेक्षक, मग विभागाचा सहायक अभियंता. अंधेरीचे दोन विभाग के पूर्व आणि के पश्चिम, बोरिवलीचा आर मध्य, मुलुंडचा टी, घाटकोपरचा एन. प्रत्येक विभागाला सहायक आयुक्त, आणि मुख्यालयात प्रमुख अभियंता, उपायुक्त, अतिरिक्त आयुक्त. शिडी लांब आहे. पण मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, तेव्हा नागरिकाच्या तक्रारीला या शिडीवर नेमका कोणत्या पायरीवर पाय ठेवावा हे कळेनासे झाले. पूर्वी नगरसेवकाला फोन केला की तासाभरात डंपर यायचा. ही पद्धत आदर्श नव्हती, पण तिचा पत्ता ठाऊक होता.

कामांची यादीही लांब आहे. रस्ते झाडणे, घराघरांतून आणि पेट्यांतून कचरा उचलणे, तो वाहून नेणे, मेलेली जनावरे हलवणे, वस्त्यांमधली सार्वजनिक शौचालये, जुहू-वर्सोवा-गोराईच्या चौपाट्या, बेवारस टाकलेला राडारोडा, दंड. पण यादीला कडाही आहेत. प्लास्टिकची एक पिशवी रस्त्यावर पडली तर ती घनकचरा खात्याची. वाऱ्याने उडून मोठ्या नाल्यात गेली तर पर्जन्य जलवाहिन्या खात्याची. झाडाच्या फांदीला अडकली तर उद्यान खात्याची. पिशवीला हे ठाऊक नसते. २६ जुलै २००५ च्या पुरात ज्या पिशव्या गटारांच्या तोंडाशी सापडल्या, त्या आधी कोणत्या खात्याच्या होत्या हे कोण सांगणार?

वर्सोव्याचे उदाहरण या कडांवरच घडले. ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह या वकिलाने शेजाऱ्यांना घेऊन तिथल्या चौपाटीवरचा कचरा दर आठवड्याला उचलायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ हा सन्मान त्यांना मिळाला. स्वयंसेवक ढीग करत आणि महापालिकेचे ट्रॅक्टर ते नेत. एक गोष्ट मात्र तशीच राहिली. चौपाटीवरचा कचरा चौपाटीवर तयार होत नाही. तो नाल्यांतून आणि खाड्यांतून समुद्रात जातो आणि भरतीला परत येतो. चौपाटी झाडणारा माणूस खरे तर मैलोन्‌मैल आत असलेल्या वस्त्यांचा आणि सोसायट्यांचा कचरा झाडत असतो.

डोंगर आणि त्यांचे शेवट

गोळा झालेला कचरा कॉम्पॅक्टरमध्ये दाबला जातो. पश्चिम उपनगरांतला बराचसा वर्सोवा आणि गोराईच्या हस्तांतरण केंद्रांवर मोठ्या वाहनांत भरून पुढे निघतो. एकेकाळी तो जवळच जिरत होता. आता बहुतेक सगळा शहर ओलांडून कांजूरला जातो. का, ते पाचही टाचण्यांचा इतिहास पाहिला की कळते.

मालाडचे चिंचोली बंदर आधी बंद झाले. तिथे आज माइंडस्पेसची काचेची कार्यालये आहेत. त्या संगणकांखाली एक जुना कचरा डेपो आहे, हे तिथे कामाला जाणाऱ्या कितीतरी तरुणांच्या गावीही नसते.

गोराईचा शेवट सगळ्यांत नीटनेटका. १९.६ हेक्टरांवर २३ लाख टनांहून अधिक कचरा, काही ठिकाणी सव्वीस मीटर उंच, आणि शेजारी तिवरांची खाडी. उच्च न्यायालयात प्रकरण गेले, २००७ मध्ये डम्पिंग थांबले आणि पुढच्या दोन वर्षांत ते शास्त्रोक्त पद्धतीने बंद करण्यात आले. ढिगाला उतार दिला, वर अभेद्य थर अंथरला, झिरपणारे काळे पाणी खाडीत जाऊ नये म्हणून भिंत घातली, मिथेन काढायला विहिरी खणल्या, वर गवत लावले. त्या मिथेनच्या कार्बन क्रेडिटपोटी आशियाई विकास बँकेने आगाऊ पैसेही दिले. गोराईच्या जेट्टीकडे जाणाऱ्याला आज एक हिरवी टेकडी दिसते. ती टेकडी नाही, हे सांगावे लागते, यातच तिचे यश आहे.

मुलुंडला चोवीस हेक्टरांवर सुमारे ७० लाख टन साचले. १ ऑक्टोबर २०१८ ला तिथे नवा कचरा टाकणे बंद झाले. इथे झाकायचे नाही, उकरायचे ठरले. बायोमायनिंग म्हणजे जुना ढीग खणून, चाळून, माती, दगड, लोखंड, जळाऊ प्लास्टिक वेगळे करून जागा मोकळी करणे. ५५८ कोटी रुपयांचे कंत्राट, सहा वर्षांची मुदत. मध्येच करोना आला, मुदत वाढवावी लागली. पूर्व द्रुतगती मार्गावरून जाताना हा डोंगर वर्षागणिक बुटका झालेला दिसतो, पण पन्नास वर्षांत घातलेला पसारा सहा वर्षांत आवरत नाही.

देवनारला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला. शेजारच्या गोवंडीतल्या मुलांना तो बघायला उपग्रह लागला नाही. त्या वर्षी २९ फेब्रुवारीला मुंबई उच्च न्यायालयाने शहरात नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर निर्बंध आणले. कचऱ्याची सोय करता येत नसेल तर नवी घरे कशाच्या जोरावर बांधता, असा त्याचा सरळ अर्थ. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते सैल केले. २०२५ च्या मे महिन्यात देवनारचे १८५ लाख टन उपसण्याची निविदा निघाली, कारण ती जमीन आता धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी हवी आहे.

असे एकेक दार बंद होत गेले आणि जवळजवळ सगळा भार कांजूरवर आला. घाटकोपर आणि मुलुंडच्या मधल्या या जागेवर बायोरिअॅक्टर पद्धतीने कचरा कुजवला जातो, वायू काढून वीज केली जाते. उघड्या डोंगरापेक्षा हे तंत्र निश्चित पुढचे आहे. पण वास तंत्राला विचारून सुटत नाही. विक्रोळीतल्या कन्नमवारनगरमध्ये संध्याकाळी वारा फिरला की खिडक्या लागतात. २ मे २०२५ ला उच्च न्यायालयाने ‘वनशक्ती’ या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर तिथली ११९.९१ हेक्टर जमीन संरक्षित वन ठरवली आणि ती पूर्ववत करायला तीन महिने दिले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ती मिळाली नसती तर गाड्या कुठे वळवायच्या, याचे उत्तर खात्याकडे नव्हते.

या सगळ्या जागा खाडीकाठच्या आहेत हा योगायोग नाही. तिवर आणि चिखल सरकारी दप्तरात कित्येक वर्षे पडीक म्हणून नोंदले गेले. तिथे सातबारावर भांडणारा शेतकरी नव्हता, मोर्चा काढणारे गाव नव्हते. पुण्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. मुंबईत खाडीच्या वतीने गाड्या अडवायला कोणी नव्हते. २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला तेव्हा कुठे कळले, की आपण ज्याला वेस समजत होतो ते रोहित पक्ष्यांचे घर होते.

जोशी लेनचा धडा

कर्तव्याची व्याख्या बदलण्याचा एक प्रयत्न याच उपनगरांतून झाला, याचा अभिमान घाटकोपरकराने बाळगायला हरकत नाही. १९९६-९७ च्या सुमारास घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी ओला-सुका कचरा वेगळा करून, आपल्या गल्लीतच खत करून, रस्त्यावरची पेटी काढून टाकली. महापालिकेने हे प्रारूप उचलले आणि त्याला एएलएम, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन असे नाव दिले. शहरभर शेकडो समित्या झाल्या. ज्या गल्ल्यांत एखादी चिकाटीची बाई किंवा निवृत्त गृहस्थ होते तिथे त्या टिकल्या, बाकीच्या लेटरहेडवर उरल्या.

त्याच काळात स्त्री मुक्ती संघटनेच्या ज्योती म्हापसेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचरा वेचणाऱ्या बायकांकडे पाहिले. यांतल्या बऱ्याच जणी दलित, आणि अनेक जणी १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांतल्या. १९९८ पासून ‘परिसर विकास’ कार्यक्रमातून त्यांना वर्गीकरण, खत आणि बायोगॅसचे प्रशिक्षण मिळाले, ‘परिसर भगिनी’ ही ओळख मिळाली. अशी एक बाई सोसायटीच्या मागच्या शेडमध्ये काम करताना बघावी. दुधाची पिशवी एका पोत्यात, पेटची बाटली दुसऱ्यात, पुठ्ठा वेगळा, काच वेगळी, पत्रा वेगळा. हात थांबत नाहीत, नजर मध्येच एखाद्या चकचकीत पाकिटावर पडते आणि ते बाजूला फेकले जाते. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, भंगारवाला ते घेत नाही. कोणत्या वस्तूला जगात पुन्हा जागा आहे आणि कोणत्या वस्तूला नाही, हे ती एका क्षणात ठरवते. हा निर्णय घेणारे पद खात्याच्या शिडीवर कुठेच नाही.

केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी पहिल्यांदा हे लिहून टाकले: टाकणाऱ्यानेच वेगळे करावे, रोज शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो जागेवर जिरवावा, कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, डम्पिंगवर फक्त उरलेसुरले जावे. मुंबईने २ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा उचलणार नाही असे बजावले. नोटिसा गेल्या, काही सोसायट्यांनी पिंप आणले, मालमत्ता करात सवलतीची योजना आली. त्याच सुमारास असेही दिसले, की अनेक संकुलांच्या मंजूर आराखड्यात खतासाठी दाखवलेल्या जागेवर गाड्या उभ्या होत्या.

तरी आकडा हलला. २०१५-१६ च्या सुमारास रोज साडेनऊ हजार टनांच्या आसपास असलेला कचरा आता साडेसहा हजारांच्या घरात आहे. पण ही घट सगळी ओल्या-सुक्याची नाही. राडारोड्यावर नियंत्रण आले, हेही मोठे कारण. आता दहिसर आणि शिळफाट्याजवळ राडारोड्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्पही आले आहेत.

हात कोणाचे

खात्याकडे सुमारे २९ हजार सफाई कामगार आहेत, आणि महापालिकेच्या घरांची संख्या साडेपाच हजारांच्या आसपास. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे नोकरी वारसाने पुढे जाते. ती सुरक्षितताही आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच जात त्याच झाडूला बांधून ठेवणारी साखळीही.

कंत्राटी कामगाराला तेवढीही सुरक्षितता नव्हती. मिलिंद रानडे यांच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे कोर्टात लढून ७ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयातून २,७०० कामगारांना कायम करून घेतले. तोवर यांना ‘स्वयंसेवक’ म्हणण्यापर्यंत मजल गेली होती. कर्तव्य महापालिकेचे आणि ते करणारा मात्र तिचा नोकर नाही, ही विसंगती न्यायालयाला दिसली. तरीही २०२५ मध्ये कचरा उचलण्याचे काम गाड्यांसकट खासगी कंत्राटदाराला देण्याची निविदा निघाली आणि कामगार संघटना पुन्हा रस्त्यावर आल्या.

मोजमाप

मुंबईच्या कचऱ्यात जवळपास तीन चतुर्थांश भाग अन्नाचा आणि भाजीपाल्याचा आहे, आणि त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणी. म्हणजे बोरिवलीच्या भाजी मंडईतून कांजूरपर्यंत, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या गर्दीतून, आपण डिझेल जाळून मुख्यतः पाणी वाहून नेतो. आणि वाहतुकीचे, विल्हेवाटीचे पैसे मोजतो ते टनांवर. टन वाढला की बिल वाढते. टन कमी करण्याचे काम ज्याने करायचे, त्याच्या भोवतीची सगळी अर्थव्यवस्था टन वाढण्यावर जगते. क्लीन-अप मार्शल २००७ पासून आले, गेले, पुन्हा आले आणि पुन्हा गेले. थुंकणाऱ्याला दोनशे रुपये दंड झाला, पण ओला-सुका एकत्र देणाऱ्या टॉवरला काय झाले?

एप्रिल २०२५ मध्ये नव्या उपविधींचा मसुदा आला. पन्नास चौरस मीटरपर्यंतच्या घराला दरमहा शंभर रुपये कचरा शुल्क, मोठ्या घरांना पाचशे आणि हजार. त्यावर गदारोळ झाला, आणि कर भरतो तर आणखी कशाला, हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्या शुल्कात एक खोट होती, तिच्याकडे फार कोणी पाहिले नाही. ते घराच्या क्षेत्रफळावर होते, कचऱ्यावर नव्हते. खत करणाऱ्या घरालाही शंभर आणि न करणाऱ्यालाही शंभर.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात उपनगरांतल्या प्रत्येक चौकीला ठाऊक असते की आता गाद्या, मोडके कपाट, जुने टीव्ही आणि रंगाचे डबे पेट्यांशेजारी उभे राहणार. खाते ते उचलेल. ते त्याला उत्तम येते. १८८८ पासून त्याने हेच केले आहे आणि वेस सरकेल तसा हात लांब केला आहे. पण मुलुंडच्या पुढे मुंबईची वेस नाही, ठाण्याची हद्द आहे.

म्हणून विभागाचे मूल्यमापन एका साध्या आकड्यावर व्हावे. किती कचरा उचलला यावर नाही, किती विभागाबाहेर गेला यावर. एन विभागातून आज किती टन निघाले, आर मध्यमधून किती, टी मधून किती, हे वॉर्ड ऑफिसच्या दर्शनी फलकावर रोज लिहा. कंत्राटदाराचा मोबदला जिरवलेल्या कचऱ्यावर ठरवा, आणि सोसायटीचे शुल्क गेटबाहेर आलेल्या वजनावर. वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपरिषदेने आपला डेपोच बागेत बदलून दाखवला. मुंबई म्हणजे वेंगुर्ले नव्हे, हे मान्य. पण मुंबईचा एक विभाग कित्येक शहरांएवढा असला तरी त्यातली एक गल्ली वेंगुर्ल्याच्या गल्लीपेक्षा मोठी नाही, आणि जोशी लेनने ते तीस वर्षांपूर्वीच सिद्ध केले आहे. फलकावरचा आकडा खाली आला नाही, तर पुढची टाचणी कोणाच्या दारात टोचायची हे ठरवणारी फाईल पुन्हा याच खात्याच्या टेबलावर येईल. आणि या वेळी ती टोचायला खाडीकाठी जागाही उरलेली नसेल.